यंत्रावर आकडा कमी, नाकाला धूर जास्त: चौकातलं वाहनप्रदूषण मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर कर्वे रस्त्यालगत, दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली सिग्नल. ऑनलाइन मागवलेलं पीएम २.५ चं, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण मोजणारं, छोटं यंत्र तुम्ही गॅलरीत ठेवलंत. डिसेंबरात पहाटे पाचला, रस्त्यावर दूधवाल्यांशिवाय कोणी नसताना, ते ११० दाखवतं. संध्याकाळी साडेसहाला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, घरात धुराचा वास येतो, तेव्हा तेच यंत्र ४५ वर. तक्रार घेऊन गेलात तर समोरून उत्तर मिळालं, ‘सगळ्या गाड्यांना पीयूसी असते, आणि तुमचंच यंत्र संध्याकाळी हवा बरी दाखवतंय.’ म्हणून तुम्ही विचारताय, यंत्र बिघडलंय का, आणि गाड्यांचा धूर कोणाला नाकारता येणार नाही असा मोजायचा कसा.

यंत्र बहुधा ठीक आहे. अडचण अशी की ते हवा मोजतंय आणि तुम्हाला गाड्या मोजायच्या आहेत. सोसायटीच्या सामायिक मीटरवरून कोणत्या फ्लॅटने किती वीज जाळली ते जसं कळत नाही, तसंच हे. त्या ११० मध्ये शेकोट्या आहेत, पेटवलेला कचरा आहे, रस्त्यावरची धूळ आहे, शहराबाहेरून आलेली हवा आहे आणि गाड्याही आहेत. हवा किती वाईट आहे, त्यात गाड्यांचा वाटा किती, आणि त्यातही कोणत्या गाड्यांचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची साधनं वेगळी आणि खर्चही वेगळा. लोक पहिल्याचं साधन विकत घेतात आणि त्यातून दुसऱ्याचं उत्तर काढू पाहतात. मी बरीच वर्षं हवेच्या मापनाच्या कामात आहे. आधी सॅम्पलर, म्हणजे हवेचे नमुने घेणारी यंत्रं, चालवले, मग सतत चालणारी केंद्रं सांभाळली, आता बहुतेक वेळ दुसऱ्यांची आकडेवारी तपासण्यात जातो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ याच गोंधळात असतं.

आधी तुमचे दोन आकडे उलटे का आले ते बघू, कारण त्यातच पुढची दिशा आहे.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हे रोजचंच. रात्रभर जे काही सोडलं जातं ते त्या उथळ थरात कोंडून राहतं. पहाटे पाचला तुम्ही मोजता तो त्या वेळच्या गाड्यांचा धूर नसतो, आदल्या रात्रीची साठवण असते. याउलट संध्याकाळी साडेसहाला दिवसभर तापलेली हवा अजून बऱ्यापैकी ढवळली जात असते. गाड्या दसपट असल्या तरी तो धूर पसरायला जागा जास्त मिळते. म्हणजे प्रमाण ठरतं ते किती धूर सोडला आणि किती हवेत मिसळला या दोन्हींवर. नुसत्या आकड्यावरून यातलं काय बदललं ते सांगता येत नाही.

दुसरं कारण यंत्राच्या आत आहे. ही स्वस्त यंत्रं कणांचं वजन करत नाहीत. एका छोट्या लेझरच्या झोतातून हवा जाते, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. पहाटे आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर गेली की कण पाणी शोषून फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि यंत्राला वाटतं धूळ वाढली. सरकारी केंद्रांवरच्या बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा गरम करून ही ओल काढून टाकतात. तुमच्या यंत्रात तशी सोय नसते. तेव्हा पहाटेचे ११० थोडे फुगलेले असण्याची शक्यता दाट आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि या यंत्रांच्या जाहिरातीत ते कधी दिसत नाही. डिझेल इंजिनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या काजळीचे बहुतेक कण ५० ते १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. प्रकाश विखुरण्यावर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांना साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं फारसं दिसतच नाही. म्हणजे ज्या धुरासाठी तुम्ही यंत्र आणलंत, त्याच धुराच्या बाबतीत ते अर्धं आंधळं आहे. पहाटेची जुनी, एकमेकांना चिकटून मोठी झालेली, ओलसर कणांची हवा त्याला छान दिसते. संध्याकाळचा ताजा धूर त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातो. एक आकडा फुगलेला, दुसरा दबलेला. नाकाला जाणवतं आणि यंत्राला नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा तुमचं नाक बरोबर आहे.

हे समजून घ्यायचं तर दोन फिल्टर शेजारी ठेवून बघावेत. मे महिन्यात रस्त्याकडेला चोवीस तास ठेवलेला पीएम १० चा (यात थोडे मोठे कणही येतात) फिल्टर काढला की त्यावर तपकिरी, मातकट थर असतो. बोटाने अलगद टिचकी मारली तर कडेने थोडी भुकटी सुटते. ती रस्त्याची माती, बांधकामाची धूळ. डिसेंबरातला त्याच जागेचा पीएम २.५ चा फिल्टर बघा. थर हाताला जाणवतही नाही, पण रंग काळा करडा, छापखान्याची शाई पुसल्यासारखा, आणि टिचकीने काही सुटत नाही. वजन केलं तर कधी कधी तपकिरी फिल्टर कितीतरी भारी भरतो. वजन धुळीचं, काळेपणा धुराचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुण्यासह सहा शहरांत प्रदूषणाच्या स्रोतांचा अभ्यास करवला होता. पुण्याचं काम वेताळ टेकडीजवळच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने केलं. तेव्हाही पीएम १० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा निघाला होता. म्हणून ‘गाड्यांमुळे पीएम १० वाढला’ अशी तक्रार घेऊन गेलात तर समोरचा माणूस रस्ता झाडायचं यंत्र पाठवेल आणि विषय संपवेल.

मग मोजायचं काय? गाड्या भरपूर सोडतात आणि आसपास दुसरं कोणी फारसं सोडत नाही, असं काहीतरी. शहरी रस्त्यावर असे तीन उमेदवार आहेत. नायट्रोजनची ऑक्साइडं, काळा कार्बन म्हणजे काजळी, आणि कार्बन मोनॉक्साइड. मोनॉक्साइड मुख्यत्वे पेट्रोलच्या, विशेषतः जुन्या, दुचाकींचा. बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आल्यापासून नव्या दुचाकींत इंधन इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्याने त्याची खूण पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. काळा कार्बन डिझेलची उत्तम खूण, पण त्याचं यंत्र महाग. सामान्य नागरिकाला परवडेल आणि तक्रारीत टिकेल असा उमेदवार उरतो तो नायट्रोजन डायऑक्साइड.

त्यातही एक पेच आहे, तो माहीत नसला तर पुढे गोंधळ होतो. सायलेन्सरमधून बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की काही मिनिटांत त्याचा डायऑक्साइड होतो. भर चौकात ओझोन लगेच खर्च होऊन जातो, त्यामुळे गाड्या दुप्पट झाल्या तरी डायऑक्साइड दुप्पट होत नाही. जास्तीचा सगळा नायट्रिक ऑक्साइडच राहतो. म्हणून मी फक्त डायऑक्साइडच्या आकड्यावरून रस्त्यांची तुलना करत नाही. दोन्हींची बेरीज मिळत असेल तर ती बघतो. मिळत नसेल तर डायऑक्साइडमधला फरक खऱ्या फरकापेक्षा कमी दिसतोय हे धरून चालतो. तुमच्या दृष्टीने ते वाईट नाही, कारण दिसेल तो फरक कमीच सांगितलेला असेल.

आता मुख्य मुद्दा, आणि तुमच्याकडे वेळ कमी असेल तर एवढंच लक्षात ठेवा. पातळी मोजू नका, फरक मोजा. एकाच वेळी, एकाच प्रकारच्या साधनाने, रस्त्याच्या कडेला आणि रस्त्यापासून दूर. झाकण बसलं तर दोन्हीकडे बसतं, बाहेरून आलेली धूसर हवा दोन्हीकडे येते, दिवाळीचा धूरही दोन्हीकडे. वजाबाकी केली की हे सगळं बरंचसं निघून जातं आणि उरतं ते त्या रस्त्याचं. समजा रस्त्याकडेला दोन आठवड्यांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आली आणि मागच्या गल्लीत ३६. तर ६० वर कोणीही वाद घालू शकतो, २४ वर घालणं अवघड.

‘दूर’ म्हणजे किती? गाड्यांच्या धुराचं प्रमाण रस्त्यापासून झपाट्याने उतरतं, आणि साधारण दीडशे ते तीनशे मीटरवर ते परिसराच्या सर्वसाधारण पातळीला टेकतं. कोथरूड-एरंडवण्यात तीनशे मीटर गेलात तर दुसराच मोठा रस्ता लागतो, तेव्हा पुस्तकी अंतराच्या मागे लागू नका. मोठ्या रस्त्यांपासून शक्य तितकी लांब, बंद टोकाची गल्ली किंवा बागेचा आतला भाग निवडा. तिथे शेजारी हॉटेलचा तंदूर, बेकरी, इस्त्रीवाल्याची कोळशाची शेगडी किंवा सोसायटीचा जनरेटर नाही ना, एवढं बघा.

साधन म्हणून मी नळ्या सुचवेन. यांना पाम्स नळी म्हणतात. पाम्स या अमेरिकन संशोधकाने १९७६ मध्ये ही रचना मांडली. सात-एक सेंटिमीटर लांबीची प्लास्टिकची नळी, वरच्या बंद टोकाच्या बुचात ट्रायइथॅनॉलअमाइन हे रसायन लावलेली बारीक जाळी. खालचं बूच काढून नळी उभी टांगायची. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. हवेतला डायऑक्साइड आपणहून वर सरकत जातो आणि जाळीवर अडकतो. दोन ते चार आठवड्यांनी बूच लावून प्रयोगशाळेत द्यायची. तिथे द्रावण टाकलं की गुलाबी रंग येतो, आणि तो जितका गडद तितका वायू जास्त. मिळेल ती त्या पूर्ण काळाची एकच सरासरी. साडेसहाची कोंडी वेगळी दिसणार नाही. ती मर्यादा मान्य करूनच हे करायचं. भारतात या नळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. पर्यावरणाची तपासणी करणारी प्रयोगशाळा किंवा एखाद्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग गाठावा लागतो. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवाच असतो, त्यामुळे दुसरा मार्ग बहुतेक वेळा सोपा जातो.

नळी लावण्यात जे चुकतं ते सांगतो, कारण निकाल तिथेच बिघडतो. उंची दीड ते चार मीटर. खाली लावली तर मुलं हात घालतात, फार वर लावली तर रस्त्यावरच्या माणसाच्या श्वासाशी संबंध उरत नाही. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत केंद्रांच्या तोंडाची उंची ३ ते १० मीटर धरलेली आहे, तेव्हा केंद्राचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर आधी ही उंची आठवा. विजेचा किंवा फलकाचा खांब चालतो, झाड नको, पानांच्या गर्दीत हवा अडते. भिंतीला चिकटवू नका, थोडी पुढे काढा. चौकाच्या अगदी तोंडावर नको. युरोपीय नियमांत मोठ्या चौकाच्या कडेपासून किमान २५ मीटर दूर आणि रस्त्याच्या कडेपासून १० मीटरच्या आत, असं सांगितलंय. कारण चौकात मोजलेला आकडा त्या दहा फुटांपुरताच खरा असतो. पण तुमची तक्रारच सिग्नलला उभ्या राहणाऱ्या रांगेबद्दल असेल तर रांग जिथे साचते तिथे एक नळी मुद्दाम लावा, फक्त अहवालात तसं लिहा. जोराच्या वाऱ्यात नळीच्या तोंडाशी हवा घुसळते आणि आकडा वाढतो, म्हणून नळी उघड्यावर लोंबकळत ठेवण्यापेक्षा खाली उघड्या असलेल्या छोट्या डब्यात बसवलेली बरी. कोळी आत जाळं करतात, त्यांचं काही करता येत नाही. ती नळी बाद करायची.

प्रत्येक जागी एकाऐवजी तीन नळ्या. तिघींचे आकडे जवळपास आले तर विश्वास बसतो, एक भरकटली तर कळतं तरी. शिवाय काही नळ्या अजिबात न उघडता सोबत न्यायच्या आणि परत आणायच्या. त्यांना कोरे नमुने म्हणतात आणि त्यांच्यात जे निघेल ते सगळ्यांमधून वजा होतं. आणि जमलं तर तीन नळ्या सरकारी स्वयंचलित केंद्राच्या शेजारी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं असं केंद्र कर्वे रस्त्यावरच आहे, तुमच्यासाठी सोयीचं. केंद्राची त्या काळातली सरासरी आणि तुमच्या नळ्यांची सरासरी यांचं जे गुणोत्तर निघेल त्याने तुमचे बाकी आकडे दुरुस्त करता येतात. ‘तुमची पद्धत आम्ही मानत नाही’ या वाक्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही, कारण मग तुमचा आकडा त्यांच्याच यंत्राला जोडलेला असतो.

केंद्राचा विषय निघालाच आहे तर त्याची आकडेवारीही वाचायला शिका. अॅपवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघू नका. तो धुळीसाठी चोवीस तासांची सरासरी धरतो, मोनॉक्साइड आणि ओझोनसाठी आठ तासांची. तासाभराची कोंडी त्यात विरघळून जाते. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून तासाचे, अगदी पंधरा मिनिटांचेही आकडे उतरवून घेता येतात. तिथे नायट्रिक ऑक्साइडचा स्तंभ वेगळा असतो. तो उघडा. वाहतुकीची सकाळ-संध्याकाळची दोन शिखरं पीएम २.५ पेक्षा त्यात कितीतरी स्पष्ट दिसतात. रविवारचे आणि मंगळवारचे तास वेगळे काढून एकावर एक ठेवा. दोन महिन्यांचे आकडे घेतलेत तर झाकणाचा परिणाम दोन्ही वारांवर सारखाच पडलेला असतो, आणि उरलेला फरक माणसांच्या कामधंद्याचा, म्हणजे बराचसा वाहतुकीचा.

एक खुबी सांगतो. या संकेतस्थळावर नायट्रिक ऑक्साइड आणि डायऑक्साइड मायक्रोग्रॅममध्ये असतात, त्यांची एकत्र बेरीज मात्र पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग) या एककात. पहिल्याला १.२३ ने आणि दुसऱ्याला १.८८ ने भागून बेरीज करा, तिसरा आकडा साधारण जुळायला हवा. जुळत नसेल, किंवा तासन् तास एकच आकडा गोठलेला दिसत असेल, तर त्या दिवसांचे आकडे बाजूला ठेवा. मी कोणाचाही अहवाल हातात घेतला की पहिलं हेच करतो.

नळ्या लटकत असताना गाड्याही मोजा. हे काम लोक टाळतात आणि नेमकं त्यामुळे अहवाल लंगडा पडतो. गॅलरीतून मोबाइलवर पंधरा-पंधरा मिनिटांचं चित्रीकरण करा. आठवड्यातला एक कामाचा दिवस आणि एक रविवार पुरे. वर्गवारी अशी करा की त्यातून धुराबद्दल काही कळेल: दुचाकी, रिक्षा, मोटारी, टेम्पो, पीएमपीची बस, खाजगी बस, ट्रक, पाण्याचा टँकर. पुण्यात रिक्षा आणि पीएमपीच्या बऱ्याचशा बस सीएनजीवर आहेत, काही बस विजेवर. त्यांच्यातून काळा धूर दिसत नाही. पण सीएनजीतून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात, तेव्हा ‘धूर दिसत नाही म्हणजे स्वच्छ’ असं धरू नका. काळेपणा मुख्यतः जुन्या डिझेल टेम्पो, ट्रक, टँकर यांचा. आणि हो, वीज गेल्यावर सुरू होणाऱ्या जनरेटरचा. त्याच्या वेळा वॉचमनकडून लिहून घ्या. शिवाय सिग्नल लाल असताना किती गाड्या इंजिन चालू ठेवून किती सेकंद उभ्या राहतात ते नोंदवा. तक्रारीतून मागायचं काय, ते या आकड्यातून ठरतं.

पीयूसीबद्दल. समोरच्याचं म्हणणं चूक नाही, फक्त गैरलागू आहे. पीयूसीत पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, तेही गाडी उभी आणि इंजिन निवांत चालू असताना. डिझेल गाडीला उभ्या उभ्या अॅक्सिलरेटर दाबून धुराचा अपारदर्शकपणा बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजलीच जात नाहीत. बारीक कणांचं वजनही नाही. भार घेऊन चढावर निघालेला टेम्पो काय सोडतो ते या चाचणीला दिसणं शक्य नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर काय होतं ते बघण्यासाठी गाडीवरच बसवायची यंत्रणा असते, आणि बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, नव्या मॉडेलांना रस्त्यावरच्या चाचणीची मर्यादा लागू झाली. पण आज तुमच्या खिडकीखालून जाणाऱ्या जुन्या गाडीला ती लागू नाही.

जाणाऱ्या गाडीचा धूर तिला न थांबवता मोजता येतो का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. येतो. रस्त्याच्या एका बाजूने प्रकाशाचा झोत टाकायचा, गाडी गेल्यावर तिच्या मागच्या धुरातून तो किती शोषला गेला ते बघायचं आणि कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हर विद्यापीठात हे तंत्र तयार झालं, आणि दिल्ली-गुरुग्राममध्ये लाखभर गाड्या अशा मोजून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातली युक्ती मला फार आवडते. धूर हवेत किती मिसळला हे कळायला मार्ग नसतो, म्हणून प्रदूषकाला त्याच धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने भागतात. दोन्ही सारखेच विरळ होतात, त्यामुळे गुणोत्तर टिकतं, आणि एक किलो इंधन जाळून किती प्रदूषक बाहेर पडला ते थेट निघतं. अर्थात हे सोसायटीच्या आवाक्यातलं काम नाही. ते मागणी करण्याच्या यादीत टाका.

काळा कार्बन मोजायची संधी मिळाली तर सोडू नका. एथॅलोमीटर नावाचं यंत्र फिल्टरच्या पट्टीवर हवा ओढतं आणि पट्टी किती वेगाने काळी होते ते प्रकाशाने मोजतं. मिनिटामिनिटाचा आकडा देतं. हाताएवढी मॉडेलं संशोधन संस्थांकडे असतात. तुमच्या चौकात हे लावलं तर लाल सिग्नल, हिरवा सिग्नल आणि मध्येच गेलेला एखादा टँकर आलेखावर वेगवेगळा ओळखता येतो. शिवाय निळ्या-अतिनील आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांतला काळेपणा ताडून बघितला की लाकूड-कचऱ्याचा धूर कुठला आणि डिझेलचा कुठला याचा चांगला अंदाज येतो. पहाटेच्या त्या ११० मध्ये शेकोट्या किती, या प्रश्नाचं उत्तर नळ्यांतून मिळणार नाही, यातून मिळेल.

तुमच्या जागेबद्दल मी इथे बसून सांगू शकत नाही अशा गोष्टीही आहेत. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये अरुंद रस्ता असेल तर वरून आडवा जाणारा वारा खाली भोवरा करतो. तेव्हा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या इमारतींच्या पायाशी धूर जास्त साचतो, समोरच्या फुटपाथवर कमी. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन कडा वेगळे आकडे देतील, आणि दोन्ही खरे असतील. नळस्टॉपकडे उड्डाणपूल आणि मेट्रोचा मार्ग वर असल्याने खालची हवा कशी खेळते ते प्रत्येक खांबागणिक बदलतं. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नळ्या लावा. पावसाळ्यात मोजू नका, दिवाळीचा आठवडा टाळा, आणि मेट्रोचं किंवा ड्रेनेजचं खोदकाम चालू असेल तर ते संपू द्या. शक्य असेल तर एक फेरी डिसेंबरात आणि एक एप्रिलमध्ये. दोन्ही फेऱ्यांत फरक त्याच दिशेने आला तर मग माझ्यासारखा शंकेखोर माणूसही गप्प बसतो.

रस्ता बंद असण्याचे दिवस हातचे घालवू नका. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, गाड्या बंद असतात. गणपतीतही रस्ते बंद होतात, पण तेव्हा मिरवणुकीतले जनरेटर धूर ओकत असतात, त्यामुळे ते दिवस फसवे. एका दिवसासाठी नळ्या उपयोगाच्या नाहीत, तिथे काळ्या कार्बनचं किंवा नायट्रिक ऑक्साइडचं तासाचं यंत्रच हवं.

तुमचं जुनं यंत्र फेकू नका. तसंच आणखी एक घ्या किंवा शेजाऱ्याचं मागा. आधी काही दिवस दोन्ही एकाच खिडकीत शेजारी ठेवून त्यांच्यातला कायमचा फरक नोंदवा, मग एक रस्त्याच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला. मध्येच अदलाबदल करा. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असलेले तास गाळा. दोन यंत्रांच्या वजाबाकीत जे उरेल ते मुख्यतः उडणारी धूळ आणि जुना धूर, ताजी काजळी नव्हे, हे लिहायला विसरू नका.

आता दावा किती करायचा. नायट्रोजन डायऑक्साइडची आपली राष्ट्रीय मर्यादा चोवीस तासांसाठी ८० आणि वर्षासाठी ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी अनुक्रमे २५ आणि १०. तुमची दोन आठवड्यांची सरासरी यातल्या कशाशीच सरळ जुळवता येत नाही, तेव्हा ‘मर्यादा ओलांडली’ असं लिहिलंत की पहिल्याच परिच्छेदात अर्ज उडेल. ‘रस्त्याकडेला मागच्या गल्लीपेक्षा इतका जास्त, केंद्राच्या आकड्यांत रविवारी नायट्रिक ऑक्साइड इतका कमी, रांगेत इतक्या गाड्या इतका वेळ इंजिन चालू ठेवून उभ्या’ असं लिहा. पुढे मागणी स्पष्ट ठेवा. मंडळाच्या फिरत्या प्रयोगशाळेची गाडी इथे आठवडाभर उभी करा, सिग्नलची वेळ तपासा, टँकर आणि मालवाहू गाड्यांच्या वेळा बदला. कायद्याच्या कामासाठी लागणारा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने ठरलेल्या भारतीय मानक पद्धतीनेच घ्यावा लागतो. तुमच्या नळ्यांचं काम तो नमुना घ्यायला त्यांना भाग पाडण्याचं आहे.

सोसायटी, रस्ता, मागची गल्ली आणि आसपासची हॉटेलं दाखवणारा हाताने काढलेला कच्चा नकाशा इथे टाका, रस्त्याची रुंदी आणि इमारतींचे मजले लिहून. संध्याकाळी वारा कुठून येतो ते गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरून दोन-चार दिवस बघा. मग कोणकोणत्या खांबांवर नळ्या लावाव्यात ते सांगतो.